मुस्तफा कुणाचा?

वसईत पारनाक्याच्या अलीकडे एका शिंप्याच्या दुकानाला लागून पत्र्याचं छत असलेला एक गाळा होता. बाहेर पाटी नव्हती. आत चार मशिनं, एक टेबलफॅन आणि गल्ल्यावर बसलेले एक काका. एक रुपया दिला की ते एक कॉईन द्यायचे. चार मशिनांपैकी तिघांसमोर एखाददुसरा पोरगा असायचा आणि चौथ्यासमोर रांग. त्या चौथ्या मशिनला आम्ही ‘मुस्तफा’ म्हणायचो.

हे साधारण २००० सालच्या आसपासचं. मी पाचवीत. पाचूबंदरची कोळ्यांची पोरं, सांडोरहून सायकलवर येणारी, घरी कादोडी बोलणारी पोरं, पापडीचे दोघे भाऊ, आणि आम्ही बँकवाल्यांच्या सोसायटीतले. मशिनवर चार हिरो होते : जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. पण पिवळी टोपी घातलेला मुस्तफा मिळावा म्हणून भांडणं व्हायची, कारण तो सगळ्यात चपळ होता आणि त्याची पळत येऊन मारलेली लाथ भारी होती. बाहेर मोठी माणसं कुणाचं आडनाव काय, कोण कुठल्या गल्लीतला, याचा हिशोब ठेवत होती. आत मात्र सगळ्यांनाच मुस्तफा व्हायचं होतं.

त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ आहे, हे मला कॉलेजात कळलं. आणि तो एका कॉमिकवरून केलेला आहे, हे त्याहून नंतर. म्हणजे माझ्या पिढीतल्या हजारो पोरांनी एका कॉमिकचं रूपांतर पाठ होईपर्यंत खेळलं, आणि त्यातल्या जवळपास कुणालाही मूळ कॉमिकचा पत्ता नव्हता. ही गोष्ट मला आधी गमतीची वाटली. आता तितकीशी वाटत नाही.

मूळ कॉमिकचं नाव ‘झेनोझोइक टेल्स’. चित्रकार आणि लेखक मार्क शुल्ट्झ. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या किचन सिंक प्रेस या छोट्या प्रकाशनानं त्याचे अंक काढायला सुरुवात केली आणि १९९६ पर्यंत जेमतेम १४ अंक निघाले. माणसानं पृथ्वीची वाट लावली, मग सुमारे सहाशे वर्षं जमिनीखाली राहून तो वर आला, तर इथे डायनासोरांचं राज्य. अशा जगात जॅक टेनरेक नावाचा एक मेकॅनिक जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करतो आणि डायनासोरच्या शेणापासून मिळणाऱ्या इंधनावर चालवतो. त्याचा विश्वास असा की निसर्गाचा तोल पुन्हा बिघडवला, तर माणसाला तिसरी संधी नाही. त्यामुळे विनाकारण जनावर मारणारे शिकारी हे त्याचे शत्रू. मुस्तफा कैरो हा त्याचा मित्र, तोही यंत्रांतला जाणकार. कॉमिकमध्ये तो दुय्यम पात्र आहे.

जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये यावर खेळ काढला. त्याच सुमारास अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर कार्टून मालिकाही आली. नाव बदलून ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ झालं, कारण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ‘झेनोझोइक’ म्हणजे काय ते कळत नाही, पण गाडी आणि डायनासोर कळतात.

आता समीक्षक म्हणून मला प्रश्न पडतो तो हा : रूपांतरात काय उरलं आणि काय गेलं?

उरलं बरंच. खेळातले खलनायक शिकारीच आहेत. जॅकची गाडी आहे, एका स्टेजला ती चालवायलाही मिळते. शुल्ट्झची चित्रं काळ्या शाईची, सावल्यांनी भरलेली. कॅपकॉमच्या चित्रकारांनी ती रंगांत आणताना माणसांच्या स्नायूंचा आणि जंगलाच्या दाटीचा पोत पकडलाय. पण जे गेलं ते महत्त्वाचं. जॅक हा दुरुस्त करणारा माणूस आहे. खेळात त्याला एकच काम : ठोसा मारणं. शिकाऱ्यांना मारायचं, पिंपं फोडायची, आतलं खाणं उचलून ताकद भरायची, आणि डायनासोर अंगावर आला तर त्यालाही हाणायचं. ज्या प्राण्यांना वाचवायला निघालो, त्यांनाच लाथा घालत आम्ही पुढे जात होतो, आणि यात काही विसंगत आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

मी रूपांतराकडे बघताना एक साधी कसोटी लावतो. प्रत्येक पात्राचं एक क्रियापद असतं. पोशाख, केसांचा रंग, बोधचिन्ह ही विशेषणं झाली. सिनेमात विशेषणांवर बरंच निभावतं, कारण तिथे आपण बघत असतो. खेळात निभावत नाही, कारण तिथे आपण करत असतो. बटण दाबल्यावर काय घडतं, तेच ते पात्र. जॅकचं क्रियापद ‘सांभाळणं’ होतं, कॅपकॉमनं ते ‘मारणं’ केलं. खेळ म्हणून तो उत्तम आहे, मी आजही खेळतो. पण रूपांतर म्हणून त्यानं पात्राचे कपडे घेतले आणि माणूस मागे ठेवला.

हे क्रियापद राखायचं कुणी? इथे प्रकाशक येतो.

कॉमिकवरून खेळ करायचा तर आधी परवाना लागतो. हक्क ज्याच्याकडे, त्याला ठरलेली रक्कम आणि विक्रीतला वाटा मिळतो. बदल्यात तो पात्र वापरू देतो आणि सहसा मंजुरीचा अधिकार स्वतःकडे ठेवतो : कल्पना दाखवा, चित्रं दाखवा, अर्धवट झालेला खेळ दाखवा, मग पुढे जा. मुदत संपली की परवाना संपतो. या व्यवहारात हक्क राखणारा काय तपासतो, यावर सगळं अवलंबून असतं. आणि बऱ्याचदा तो विशेषणंच तपासतो.

याचं सर्वांत बदनाम उदाहरण म्हणजे निन्टेन्डो ६४ वरचा १९९९ चा ‘सुपरमॅन’. फ्रान्सच्या टायटस कंपनीनं केलेला. यात सुपरमॅन हिरव्या धुक्यात हवेत लटकलेल्या कड्यांमधून उडत राहतो. बस्स. टायटसच्या एरिक काँ यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं, की हक्कवाल्यांना सुपरमॅननं खऱ्या शहरात मारामारी करणं मान्य नव्हतं, म्हणून कथा आभासी शहरात न्यावी लागली. ही एका बाजूची साक्ष आहे, आणि खेळ इतका वाईट होता की दोष वाटून घ्यायला कुणीतरी लागणारच. तरी ती खरी मानली तर गंमत बघा. मालकानं लक्ष घातलं नव्हतं असं नाही, भरपूर घातलं होतं. पण त्यानं राखली ती सुपरमॅनची प्रतिमा. सुपरमॅनचं क्रियापद ‘वाचवणं’. वाचवायला माणसं लागतात, माणसांना शहर लागतं. प्रतिमेला डाग लागू नये म्हणून शहरच काढून घेतलं, तर तो वाचवणार कुणाला? कड्यांना?

उलट बाजूचं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांनी खेळलेलं असेल. २०१४ च्या सुमारास मार्व्हलनं खेळांचं धोरण बदललं. तोवर स्पायडरमॅनचे खेळ ॲक्टिव्हिजन काढत होती, बरेचसे सिनेमाच्या तारखा गाठण्यासाठी घाईत केलेले. मार्व्हलनं तो करार थांबवला, सोनीशी बोलणी केली, आणि इन्सोम्नियाक स्टुडिओला पात्र निवडण्याची मोकळीक मिळाली. त्यांनी स्पायडरमॅन निवडला. सप्टेंबर २०१८ मध्ये खेळ आला. सिनेमाची तारीख नव्हती, सिनेमाची कथा नव्हती. मार्व्हलच्या बाजूनं खेळांचं काम पाहणाऱ्यांत बिल रोझमन होते, जे आधी मार्व्हलच्याच कॉमिक्सचे संपादक होते. लेखकांत ख्रिस्तोस गेज होते, कॉमिक्स लिहिणारे. म्हणजे या वेळी नुसता वकील पाठवला नव्हता, तर संपादक पाठवला होता.

याचा परिणाम खेळात दिसतो. जाळं फेकलं की ते खरोखर एखाद्या इमारतीला चिकटावं लागतं. मोकळ्या बागेवर आलात की झोका तुटतो. आणि मुख्य म्हणजे मधेच मुखवटा काढून पीटर पार्कर म्हणून चालावं लागतं : घरभाडं थकलेला, बेघरांच्या आश्रमात मदत करणारा, सगळीकडे उशिरा पोचणारा. स्पायडरमॅनचं खरं क्रियापद झोके घेणं नाहीच, ‘तारांबळ उडणं’ हे आहे. विरार लोकलनं कामाला जाणाऱ्या कुणालाही ते लगेच कळेल. खेळासाठी केलेला पांढऱ्या कोळ्याचा पोशाख पुढे मार्व्हलच्या कॉमिक्समध्येही आला. नदी उलटी वाहिली.

तरीही मी या खेळाला पैकीच्या पैकी गुण देणार नाही. त्यात शहरभर पोलिसांचे पाळतीचे मनोरे दुरुस्त करत फिरावं लागतं. ज्या पात्राला कॉमिकमध्ये वर्षानुवर्षं पोलीस आणि वर्तमानपत्र दोघांनी छळलं, ते इथे पोलिसांचं बिनपगारी काम आनंदानं करतं. मुखवट्याआडच्या माणसाला प्रत्येक खिडकीत डोकावणारा कॅमेरा आवडेल का, हा प्रश्न संपादकानं विचारायला हवा होता. सगळ्यांना आवडणाऱ्या पात्राच्या अडचणीच्या बाजू गुळगुळीत करणं, ही मोठ्या प्रकाशकाच्या सहभागाची किंमत असते.

आणि सहभाग असूनही घर बुडतं, याचाही पुरावा आहे. २०२० चा ‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ घ्या. पात्रं ओळखीची, पोशाख अचूक, कमला खान या मुलीची कथा मनापासून लिहिलेली. पण खेळाची घडण दुकानासारखी : तेच तेच काम पुन्हा करा, थोडं चांगलं चिलखत मिळवा, पुन्हा या. ३० सप्टेंबर २०२३ नंतर तो विकणंच बंद झालं. प्रकाशकानं पात्र तपासलं, पण खेळणाऱ्याच्या वेळेचं काय करणार आहात, हे विचारलं नाही, किंवा विचारून मान्य केलं. हल्कचं क्रियापद ‘गोळा करणं’ कसं असेल?

आता परत मुस्तफाकडे. क्रियापदाखेरीज आणखी एक गोष्ट प्रकाशकावर अवलंबून असते, ती म्हणजे खेळाचं आयुष्य.

१९९३ मध्येच कॅपकॉमनं मार्व्हलच्या ‘पनिशर’वरही असाच मारामारीचा खेळ काढला होता. २०१८ मध्ये कॅपकॉमनं आपल्या जुन्या मारामारीच्या सात खेळांचा एक संच विकायला काढला. त्यात पनिशर नव्हता आणि मुस्तफाही नव्हता. पुढे २०२४ मध्ये मार्व्हल आणि कॅपकॉम यांच्या जुन्या खेळांचा संच आला, त्यात पनिशर परतला. एकतीस वर्षांनी का होईना, मोठ्या प्रकाशकाशी पुन्हा टेबलावर बसता आलं. मुस्तफाच्या मागे कोण बसणार? किचन सिंक प्रेस १९९९ मध्ये बंद पडली. तिथे चित्रकारांचे हक्क चित्रकारांकडेच राहत, ही त्या प्रकाशनाची मोठी पुण्याई. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की एकटा चित्रकार, परदेशी खेळ कंपनी आणि नावातच बसलेली मोटार कंपनी, इतक्यांची गाठ पुन्हा कुणी बांधायची? वसईपासून वाराणसीपर्यंत ज्या खेळासाठी रांगा लागल्या, तो मुस्तफा आजवर घरच्या कुठल्याही कन्सोलवर अधिकृतपणे आलेला नाही.

पण तुमच्या फोनवर तो आहे, नाही का? ‘मुस्तफा गेम’ असं शोधा, ढिगानं ॲप मिळतात. दर दोन मिनिटांनी जाहिरात. त्या जाहिरातीचा पैसा कॅपकॉमला जात नाही, शुल्ट्झला तर नाहीच. मी तुम्हाला नीतीचा धडा देणार नाही. काकांच्या गाळ्यातलं मशीन तरी अस्सल होतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एवढं लक्षात घ्या, की हक्काचं कुलूप लावून किल्ली हरवली, की दार चोरांसाठीच उघडं राहतं.

आणि आपलं काय?

आपल्याकडे कॉमिक नव्हती असं कुणी म्हणू नये. १९६४ मध्ये टाइम्स समूहानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. मराठीतही ती निघत. माझ्या मामाच्या ट्रंकेत वेताळाचे अंक होते. हा वेताळ म्हणजे अमेरिकी वृत्तपत्रांतला फँटम. पण इंद्रजालच्या संपादकांनी त्याला नुसतं भाषांतरित केलं नाही. मूळ कथेतलं ‘बंगाला’ हे देशाचं नाव आपल्या वाचकाला बंगाल वाटेल म्हणून ‘डेंकाली’ झालं, आणि चाच्यांच्या टोळीतले ‘सिंग’ बदलून ‘सिंगा’ झाले, कुणाला आपल्या आडनावाचा अपमान वाटू नये म्हणून. हे काम प्रकाशकाचंच. आपला वाचक कोण आहे, हे ज्याला ठाऊक असतं, तोच असे बदल करू शकतो.

१९७६ मध्ये याच इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. गोविंद ब्राह्मणिया यांनी तो रेखाटला. डाकूचा मुलगा, कुर्ता आणि जीन्स, आणि जयगढ गावात त्यानं उभी केलेली नागरिकांची सुरक्षा संघटना. बहादूरचं क्रियापद बघा : ‘एकत्र आणणं’. तो एकटा वीर नाही, तो गावाला उभं करतो. यावर खेळ करायचा तर ठोशाच्या बटणापेक्षा हाक मारायचं बटण मोठं लागेल. असा खेळ मी अजून खेळलेला नाही. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं. सुरती पुढे मीरा रोडमध्ये लोकांच्या घरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्यासाठी ओळखले जाऊ लागले. २००७ पासून त्यांनी हे काम चालवलंय. वसई रोडहून मीरा रोड म्हणजे फक्त तीन स्टेशनं, मध्ये नायगाव आणि भाईंदर. दुरुस्त करणारा नायक मी पेन्सिल्व्हेनियातल्या चित्रकाराच्या पुस्तकात शोधत होतो.

करणारे हात नाहीत, असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं मोबाईलवरचा अधिकृत पॅकमॅन सांभाळला. मुंबईत १९६७ पासून अमर चित्रकथा आहे. पुण्यात १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आला, ज्याच्यावर २०१२ मध्ये सिनेमाही झाला. पात्रं आहेत, कारागीर आहेत. हवाय तो मधला माणूस, म्हणजे पात्राचं क्रियापद ओळखणारा आणि खेळाचंही कळणारा संपादक.

नाहीतर काय होईल ते मला दिसतं. चिंटू पळतोय. समोर नाणी. उडी मारली की नाणं. पप्पू मागे राहिला. तीन लाईफ संपले, जाहिरात बघा आणि पुढे चला. त्यात चिंटूची चड्डी बरोबर असेल, केस बरोबर असतील, नाकसुद्धा. पण चिंटू पळत नाही हो. चिंटू आईबाबांना असा काहीतरी प्रश्न विचारतो की त्यांची बोलती बंद होते. सुट्टीत अंगणात नुसता बसून मित्रांशी वाद घालतो. त्याचा खेळ करायचा तर आधी हे मान्य करावं लागेल, की रिकाम्या दुपारीसुद्धा खेळता येतात. तशी दुपार पडद्यावर आणू शकणारे लोक आज आहेत. त्यांच्या हातात नुसती चित्रांची फाईल देऊन प्रकाशक घरी गेला, तर दोष त्यांचा नाही.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. सातवीत आहे. फोनवर मुस्तफा खेळत होता, तोच, पिवळी टोपी. मी कपाटातून ‘झेनोझोइक’चा एकत्रित खंड काढून त्याच्यासमोर ठेवला, २०१३ मध्ये फ्लेस्क पब्लिकेशन्सनं काढलेला, हौसेनं महागात मागवलेला. त्याला इंग्रजी फार जमत नाही, म्हणून नुसती चित्रं बघत होता. डायनासोरांपाशी थांबला, गाडीपाशी थांबला. मग विचारलं, “मामा, यात मुस्तफा कुठाय?”

मी पानं उलटून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

“इथे तो मारत का नाहीये?”

“तो मेकॅनिक आहे.”

“मग गेममध्ये का नाही सांगितलं?”

मी म्हटलं, सांगायचं काम ज्याचं होतं, त्याला कुणी विचारलं नसावं. किंवा विचारलं असेल, आणि मशीनसमोरच्या पोराला एका रुपयात तेवढं ऐकायला वेळ नसेल. हे उत्तर त्याला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. त्यानं फोन बाजूला ठेवला आणि पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडलं. दहा मिनिटांनी परत फोन घेतला, हे सांगायला हवं. पण या वेळी त्यानं जॅक निवडला.